दिवेलागणीला बंद पडणारा रिमोट

"दिवसा चालतो रे हा. दिवेलागण झाली की बंद." आत्याने एवढंच सांगितलं आणि रिमोट माझ्या हातात ठेवला.

पक्षाघाताने तिचा उजवा हात गेला, त्याला तेव्हा दीड वर्ष झालं होतं. सांगलीच्या घरात खिडकीशेजारी तिची कॉट आणि समोरच्या भिंतीला टीव्ही. पाणी हवं तर हाक मारायची, कूस बदलायची तर हाक मारायची. कुणाला न बोलावता करता येईल असं फार थोडं उरलं होतं, आणि डाव्या हाताने चॅनेल बदलणं त्यातलं एक होतं. दुरुस्तीवाला दोनदा येऊन गेला होता. पहिल्यांदा त्याने नवा रिमोट दिला, दुसऱ्यांदा 'मेन बोर्ड बदलावा लागेल' असं सांगितलं. दोन्ही वेळा तो भर दुपारी आला होता. संध्याकाळचं दुखणं दुपारी तपासलं जात होतं. आजारी माणसाने सांगितलेली वेळ डॉक्टर कागदावर लिहून घेतो, दुरुस्ती करणाऱ्यानेही ती लिहून घ्यावी असं मला मनापासून वाटतं.

रिमोट चालत नाही, म्हणजे दोघांतला एक जण गप्प आहे. बोलणारा तरी किंवा ऐकणारा तरी. आधी बोलणारा पाहायचा. रिमोटच्या नाकावरचा छोटा एलईडी साधारण ९४० नॅनोमीटरचा अवरक्त प्रकाश टाकतो. तो आपल्या डोळ्यांना दिसत नाही, मोबाइलच्या कॅमेऱ्याला मात्र बऱ्याचदा दिसतो. मागच्या कॅमेऱ्यावर हे किरण अडवणारी काच चांगली असते, म्हणून मी सेल्फीचा कॅमेरा वापरतो. बटण दाबलं की पडद्यावर जांभळट पांढरा ठिपका लुकलुकतो. आत्याच्या दोन्ही रिमोटचे ठिपके ठणठणीत होते. तिने फोनच्या पडद्यावर ते पाहिलं आणि स्वतः चार वेळा बटण दाबलं.

ठिपका दिसला नाही, तरच रिमोट उघडायचा. स्क्रू बहुधा सेलखाली लपलेला असतो. तो काढल्यावर जुनं एटीएम कार्ड फटीत सरकवून कडेने खटके सोडवत जायचं. पेचकस घातला तर कड चावल्यासारखी दिसते आणि पुन्हा नीट बसत नाही. आत हिरवा बोर्ड आणि त्यावर रबराची चादर. प्रत्येक बटणाखाली काळी कार्बनची टिकली असते. ती बोर्डावरच्या दोन नक्ष्यांना जोडते, एवढंच तिचं काम. वर्षानुवर्षांच्या बोटांनी रबरातून तेलकट ओल सुटते आणि नक्षीवर चिकट थर बसतो. कापसाला स्पिरिट लावून तो पुसायचा, पण कार्बन घासायचा नाही, घासला तर टिकलीच जाते. सेलच्या स्प्रिंगवर पांढरा-हिरवा खार जमला असेल तर तो थोड्या व्हिनेगरने निघतो. नंतर लगेच कोरडं करायचं.

आणि एलईडीचे पाय. रिमोट पडतो तेव्हा नाकावर पडतो आणि झटका थेट पायांच्या सोल्डरला बसतो. भिंगातून पाहिलं तर पायाभोवती केसाएवढी गोल चीर दिसते. मरायला टेकलेले म्हणून माझ्याकडे आलेल्या रिमोटपैकी बरेचसे या एका चिरेचे होते. गरम टोक दोन सेकंद टेकवायचं, थेंबभर नवं सोल्डर द्यायचं, झालं. एलईडीच गेला असेल तर मल्टिमीटरच्या डायोड खुणेवर कळतं. चांगला अवरक्त एलईडी एक व्होल्टच्या जरा वर दाखवतो, तर लाल एलईडी पावणेदोनच्या आसपास. डब्यात दोन्ही मिसळले की मी असेच वेगळे करतो.

एक युक्ती मला एका वयस्क रेडिओ मेकॅनिकने शिकवली. जुन्या रिमोटमध्ये ४५५ किलोहर्ट्झचा सिरॅमिक रेझोनेटर असतो. चालता रिमोट मिडियम वेव्हच्या रेडिओजवळ धरून बटण दाबलं की रेडिओ ठेक्यात गुरगुरतो. कॅमेऱ्यात ठिपका नाही पण रेडिओत गुरगुर आहे, म्हणजे आतली चिप जिवंत आहे आणि दोष एलईडीच्या बाजूला आहे. दोन्ही नाहीत, तर रेझोनेटरवर संशय घ्यायचा. पडल्याने तो आतून तडकतो, बाहेरून काही दिसत नाही.

याच ४५५ ला बाराने भागलं की ३८ च्या किंचित खाली येतं. तिथे सगळी गोम आहे. रिमोट नुसता प्रकाश टाकत नाही, सेकंदाला सुमारे अडतीस हजार वेळा उघडझाप करणारा प्रकाश टाकतो. ती उघडझाप कधी चालू, कधी बंद, यात निरोप असतो. एनईसी नावाच्या प्रचलित पद्धतीत आधी ९ मिलिसेकंदांचा लांब पट्टा, मग साडेचार मिलिसेकंद शांतता, मग बत्तीस बिट. शून्य असेल तर थोडी शांतता, एक असेल तर तिप्पट. पत्ता आणि आज्ञा दोन्ही पाठवल्या जातात आणि पाठोपाठ त्यांची उलटी रूपंही जातात, म्हणजे ऐकणाऱ्याला ताळा करता येतो. हे सगळं साधारण ६८ मिलिसेकंदांत उरकतं.

ऐकणारा म्हणजे टीव्हीच्या काळ्या खिडकीमागचा तीन पायांचा रिसीव्हर. हौशी लोकांच्या डब्यात टीएसओपी १७३८ हा त्याचा सगळ्यांत ओळखीचा भाऊ. त्याचं काळं अंग दिसणारा प्रकाश अडवतं आणि अवरक्त आत सोडतं. पण ऊन आणि साधा पिवळा बल्बही ढीगभर अवरक्त ओततात. त्या गर्दीत रिमोटचा क्षीण आवाज ओळखायचा, म्हणून तो अडतीस किलोहर्ट्झची उघडझाप तेवढी ऐकतो आणि बाकीचं सोडून देतो. दिवसभर उन्हात आत्याचा रिमोट बिनतक्रार चालत होता, तो यामुळेच. या भागाकडे मी जेवढ्या वेळा पाहतो तेवढ्या वेळा मला त्याचं कौतुक वाटतं. (बदलताना पाय मात्र तपासून घ्यावेत. १७३८ ला पहिला पाय ग्राउंडचा, त्याच घराण्यातल्या टीएसओपी ३८२३८ ला पहिला आउटपुटचा. एकाच्या जागी दुसरा तसाच बसवला तर पुरवठा उलटा लागतो. असे दोन माझ्या हातून जळले आहेत.)

तर संध्याकाळ. मी पिशवीतून ब्रेडबोर्ड काढला. १७३८, चार रिचार्जेबल सेल म्हणजे ४.८ व्होल्ट, पुरवठ्याच्या वाटेत शंभर ओहमचा रोध आणि ४.७ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर. आउटपुट एरवी वर असतो आणि काही ऐकू आलं की खाली येतो, म्हणून लाल एलईडी एक किलोओहममधून पुरवठा आणि आउटपुट यांच्यामध्ये लावला. ऐकलं की दिवा लागेल. हा बोर्ड टीव्हीवर, त्याच्या खिडकीजवळ ठेवला. बटण दाबलं की दिवा थरथरायचा, सोडलं की विझायचा. आत्या उशीला टेकून बघत होती.

पावणेसातला काकांनी देवापुढे दिवा लावला आणि आत येऊन खोलीतलं बटण दाबलं. टीव्हीच्या वर वीतभर अंतरावर सीएफएल होता. तो लागला आणि बोर्डावरचा लाल दिवा कुणी रिमोटला हात न लावता मिणमिणू लागला.

काकांना दिवा घालवायला सांगितलं. लाल दिवा शांत. पुन्हा लावला, पुन्हा मिणमिण. सीएफएलच्या बुडाशी असलेलं सर्किट नळीला तीसेक हजार किंवा त्याहून जास्त हर्ट्झवर चालवतं, म्हणजे नेमकं रिसीव्हरच्या कानाच्या पट्ट्यात. शिवाय नळी तापेपर्यंत तिच्यातला आर्गॉन वायू अवरक्त जास्त टाकतो, म्हणून पहिल्या काही मिनिटांत त्रास सर्वांत मोठा. रिसीव्हर अशा सततच्या गोंगाटात स्वतःची संवेदनशीलता कमी करत नेतो. मग कॉटवरून येणारा निरोप त्याच्यापर्यंत पोचत नाही, पण टीव्हीजवळ जाऊन दाबलं तर पोचतो. काका रोज उठून जवळ जाऊन दाबत, आणि रिमोट चालतो म्हणत. आत्या म्हणे, चालत नाही. दोघंही खरं सांगत होते.

मी पुठ्ठ्याचा तुकडा दिवा आणि टीव्ही यांच्यामध्ये धरला. लाल दिवा विझला. आत्याने कॉटवरून बटण दाबलं, चॅनेल बदललं. पुठ्ठा काढला, ती दाबत राहिली, काही झालं नाही. "म्हणजे दिव्याचं होतं होय," ती म्हणाली. तिच्या आवाजात सुटका होती. इतके दिवस तिला वाटत होतं की संध्याकाळी डाव्या हातातलाही जोर कमी होतो. हे तिने आम्हाला कुणालाच सांगितलं नव्हतं.

कोपऱ्यावरच्या दुकानातून एलईडी बल्ब आणला. पांढऱ्या एलईडीच्या उजेडात अवरक्त भाग जवळजवळ नसतोच. तो टीव्हीवरच्या होल्डरमध्ये लावला आणि सीएफएल बाहेर पडवीत गेला. ब्रेडबोर्ड अर्धा तास तसाच ठेवला. आत्याने बटण दाबलं तरच लाल दिवा हलत होता.

तिने आवाज वाढवला, कमी केला, दोन चॅनेल पुढे गेली आणि परत आली. मालिका सुरू व्हायला अजून दहा मिनिटं होती.