पोटावरचा पंप, दंडावरचा सेन्सर

टाइप वन मधुमेहात शरीराची प्रतिकारयंत्रणा स्वादुपिंडातल्या बीटा पेशी नष्ट करते आणि इन्सुलिन तयार होणे जवळजवळ थांबते. गोड जास्त खाल्ल्याने हा आजार होत नाही आणि गोड सोडल्याने बराही होत नाही. इन्सुलिन बाहेरून घेणे हाच उपाय आहे. तो जानेवारी १९२२ मध्ये टोरांटोत लेनर्ड थॉम्पसन या १४ वर्षांच्या मुलाला पहिल्यांदा मिळाला. त्याआधी या निदानानंतर मुले फार काळ जगत नसत. आज नाशिकसारख्या शहरातही काही मुलांच्या दंडावर सेन्सर आणि कमरेला पंप दिसतो. ही दोन उपकरणे नेमके काय करतात, याविषयी मात्र घरात आणि शाळेत बरेच गैरसमज असतात.

सर्वांत मोठा गैरसमज ‘कृत्रिम स्वादुपिंड’ या शब्दातून येतो. पंप बसवला की खाण्याचा हिशेब संपला, असे त्यातून वाटते. प्रत्यक्षात पंपात फक्त जलद काम करणारे इन्सुलिन असते. ते दिवसभर थेंबाथेंबाने जाते, त्याला बेसल म्हणतात. जेवणापूर्वी एकरकमी दिला जातो तो बोलस. सेन्सर दर काही मिनिटांनी साखर मोजतो. मिनीमेड ७८०-जीसारख्या पंपांत हा आकडा पंपापर्यंत पोहोचतो आणि दर पाच मिनिटांनी बेसल कमी-जास्त होते. साखर खाली जाणार असे दिसले तर पंप इन्सुलिन थांबवतो, वर जात असेल तर थोडी भर घालतो. तरीही या पद्धतीचे नाव ‘हायब्रिड’ आहे, म्हणजे अर्धे काम माणसाकडेच राहते. कातडीखाली दिलेल्या इन्सुलिनचा परिणाम सुरू व्हायला दहा-पंधरा मिनिटे लागतात आणि तो तीन-चार तास टिकतो. समोर ताट आल्याचे पंपाला कळत नाही. म्हणून जेवणात कर्बोदके किती ग्रॅम आहेत हे त्याला आधीच सांगावे लागते.

नाशिकमध्ये ही मोजणी सोपी नाही. शंभर ग्रॅम द्राक्षांत साधारण सोळा ते अठरा ग्रॅम कर्बोदके असतात आणि ती साखर झपाट्याने रक्तात उतरते. मिसळ नेमकी उलट वागते. पावाची साखर लवकर वर येते, पण तर्री आणि फरसाणातल्या तेलामुळे पोट रिकामे व्हायला वेळ लागतो, आणि तीन-चार तासांनी साखर पुन्हा चढू शकते. अशा वेळी काही पंपांत बोलसचे दोन भाग करता येतात: एक लगेच, दुसरा पुढच्या काही तासांत हळूहळू. मात्र ही विभागणी यंत्राला आपोआप सुचत नाही. कोणत्या हॉटेलची मिसळ किती साखर वाढवते, हे ज्याच्या अंगावर पंप आहे त्यालाच अनुभवाने कळत जाते.

दुसरा गैरसमज असा की सेन्सरवरचा आकडा म्हणजे रक्तातली साखर. सेन्सरचा केसासारखा तंतू कातडीखालच्या, पेशींमधल्या द्रवात असतो. रक्तातली साखर त्या द्रवापर्यंत पोहोचायला पाच ते पंधरा मिनिटे लागतात. साखर स्थिर असताना हा फरक जाणवत नाही. सप्तशृंगगडाच्या पायऱ्या चढताना मात्र सेन्सर ८५ आणि खाली जाणारा बाण दाखवत असतो, तेव्हा रक्तात साखर सत्तरच्याही खाली गेलेली असू शकते. म्हणून आकड्याइतकाच बाणही वाचावा लागतो. स्थिर बाणासोबतचा ११० आणि खाली जाणाऱ्या दोन बाणांसोबतचा ११० यांचा अर्थ सारखा नसतो. उलट दिशेनेही फसगत होते. साखर ‘लो’ झाल्यावर पंधरा ग्रॅम ग्लुकोज घेतले तरी सेन्सर काही वेळ लोच दाखवत राहतो. मग घाबरून आणखी पेढे, आणखी सरबत दिले जाते आणि तासाभराने आकडा तीनशेच्या घरात जातो.

बोटातून रक्त काढणे कायमचे बंद होते, हेही खरे नाही. लक्षणे आणि आकडा जुळत नसतील किंवा सेन्सर नवा असेल, तर स्ट्रिपवर खात्री करावी लागते. झोपेत सेन्सर असलेल्या कुशीवर वळल्याने तो दाबला गेला, तरी खोटा लो दिसतो. औषधांचाही प्रश्न आहे. मेडट्रॉनिकच्या गार्डियन सेन्सरवर पॅरासिटामॉलमुळे आकडा खोटाच जास्त दिसू शकतो. सेन्सर एकटा असेल तर ही चूक निदान माणसाच्या नजरेस पडते. पंपाशी जोडलेला असेल तर पंप त्याच खोट्या आकड्यावर जास्त इन्सुलिन देतो. ताप आलेल्या मुलाला गोळी देण्याआधी हे माहीत असलेले बरे.

इन्सुलिन सतत जात असल्याने पंप जास्त सुरक्षित, ही समजूत सर्वांत धोकादायक आहे. इंजेक्शन घेणाऱ्याच्या अंगात लांब पल्ल्याच्या इन्सुलिनचा साठा असतो, पंपधारकाच्या अंगात तो नसतो. कॅन्युला, म्हणजे कातडीखाली बसणारी पंपाची बारीक नळी, वाकली, नळीत हवा शिरली किंवा टेप घामाने सुटली, की काही तासांतच साखर चढते, कीटोन तयार होतात आणि कीटोअॅसिडोसिसची (रक्त आम्लयुक्त होण्याच्या जीवघेण्या अवस्थेची) वाट मोकळी होते. साखर २५० च्या वर असेल आणि पंपाच्या बोलसनेही उतरत नसेल, तर कीटोन तपासून पेनने इन्सुलिन देणे आणि कॅन्युला-नळीचा सेट बदलणे हा नेहमीचा नियम. कॅन्युला तशीही दर दोन-तीन दिवसांनी बदलावी लागते. एप्रिल-मेमध्ये नाशिकचा पारा चाळिशीला टेकतो, तेव्हा उन्हात तापलेल्या पंपातले इन्सुलिन खराब होऊ शकते. न उघडलेल्या कुप्या २ ते ८ अंशांत ठेवायच्या असतात, फ्रीझरमध्ये नाही. वापरातले इन्सुलिन तीस अंशांखाली राहावे, म्हणून काही घरांत ते माठातल्या गारव्यात ठेवतात. हा उपाय अडाणीपणाचा नाही, माठात पाण्याच्या बाष्पीभवनामुळे तापमान खरोखरच उतरते.

पंप म्हणजे ऑपरेशन, असेही काही घरांत धरून चालतात. कॅन्युला पोटाच्या किंवा मांडीच्या कातडीखाली घरीच बसवली जाते, आणि अंघोळीसाठी पंप तेवढ्यापुरता काढून ठेवता येतो. रामकुंडावर डुबकी मारतानाही तसेच. सेन्सर बहुधा पाण्यात चालतो. पंप मात्र साधारण तासाभरापेक्षा जास्त वेळ काढून ठेवायचा नसतो. एमआरआयपूर्वी पंप काढावाच लागतो, आणि बहुधा सेन्सरही.

पंप शेवटच्या टप्प्यावर लावतात, हाही गैरसमज. पंपाची निवड आजाराच्या गंभीरतेवर नव्हे, तर मोजणी करण्याच्या तयारीवर आणि अर्थातच खिशावर ठरते. पंपाची किंमत लाखांत असते आणि सेन्सर ठरावीक दिवसांनी बदलण्याचा खर्च सुरूच राहतो. यशाची मोजपट्टीही बदलली आहे. पूर्वी तीन महिन्यांची सरासरी सांगणाऱ्या एचबीए१सीवर भर असे. २०१९ च्या आंतरराष्ट्रीय सहमतीनुसार बहुतेक रुग्णांची साखर दिवसातला ७० टक्क्यांहून अधिक वेळ ७० ते १८० च्या दरम्यान असावी आणि सत्तरच्या खाली ४ टक्क्यांपेक्षा कमी वेळ. दिवसभर सरळ रेषा हवी, असे त्यात कुठेही नाही. निरोगी माणसाच्या आलेखातही चढउतार असतात.

शाळेत ही उपकरणे मोबाइलसारखी जप्त करायची वस्तू समजली जातात. राष्ट्रीय बाल हक्क संरक्षण आयोगाने जुलै २०२३ मध्ये राज्यांना पत्र पाठवून टाइप वन मधुमेही मुलांना परीक्षेत काय सोबत ठेवता यावे, हे सुचवले. सेन्सर आणि पंप अंगावरच असतात, म्हणून ते परीक्षेतही राहू द्यावेत. आकडा वाचायला स्मार्टफोन लागत असेल तर तो पर्यवेक्षकाकडे द्यावा. ग्लुकोमीटर आणि खाऊ परीक्षेच्या वर्गात असू द्यावा, कारण इतिहासाच्या पेपरातही साखर खाली जाऊ शकते.