नाखव्याचा सदरा

वर्तमानपत्राचं एक जोडपान घ्या. मधोमध दुमडा, घडीकडचे दोन्ही कोपरे मधल्या रेषेवर आणा, खाली उरलेल्या पट्ट्या एक पुढून आणि एक मागून वर चढवा. टोपी झाली. इथपर्यंत बहुतेकांना येतं. हीच टोपी आतून उघडून दुसऱ्या बाजूंनी चपटी केली की चौकोन होतो. त्याचं एकच टोक वर दुमडलं तर मानेवर झालर सोडलेली बंबवाल्याची टोपी, दोन्ही टोकं वर घेतली तर लहानशी त्रिकोणी टोपी. ती पुन्हा उघडून चपटी करायची आणि वरची दोन टोकं चिमटीत धरून हळूच बाजूंना ओढायची. हातात होडी येते.

या क्रमावर बेतलेली कप्तानाची गोष्ट जगभर अनेक भाषांत सांगितली जाते. कप्तान एकेक टोपी घालून पाहतो, शेवटी होडी घेऊन समुद्रावर जातो. वादळ येतं. होडी खडकावर आपटते आणि तिची नाळ तुटते. सांगणारा खरोखरच पुढचं टोक फाडतो. मग मागचं टोक जातं. मग वीज पडून डोलकाठीचा शेंडा उडतो. होडी बुडाली. किनाऱ्यावर काय वाहून आलं? उरलेला कागद सावकाश उलगडायचा. गळा, दोन बाह्या, खाली धड. कप्तानाचा सदरा!

हे घडतं कसं, ते मोठ्यांनीही समजून घेण्यासारखं आहे. होडीचा मधला शेंडा म्हणजे मूळ पानाच्या घडीचा मध्य, म्हणून तिथला तुकडा गेला की गळा पडतो. होडीची दोन टोकं मूळ पानाच्या दोन कडांवर, घडीपासून थोडी खाली असतात. तिथे खाचा पडल्या की त्या बगला होतात आणि त्यांच्या वरचा भाग बाह्यांसारखा दिसतो. यात हातचलाखी काही नाही. घड्यांमुळे कागदाच्या दूरदूरच्या जागा एकावर एक आलेल्या असतात, एवढंच. तरीही सदरा दिसतो तेव्हा मोठी माणसंसुद्धा ‘अरे!’ म्हणतात.

लहान मुलांच्या शिक्षणात घडीकाम आलं ते जर्मनीच्या फ्रीडरिख फ्रोबेलमुळे. त्याने १८४० साली आपल्या बालशाळेला ‘किंडरगार्टन’ हे नाव दिलं. तिथल्या उद्योगांत कागद दुमडणंही होतं. जपानमध्ये दुमडण्याची परंपरा जुनीच. कागदी करकोच्यांवरचं तिथलं एक छापील पुस्तक १७९७ सालचं आहे. १८७६ मध्ये टोकियोत बालवाडी सुरू झाली तेव्हा फ्रोबेलचं घडीकाम आणि जपानी घडीकाम एकमेकांत मिसळलं. आपल्याकडे मद्रासमध्ये टी. सुंदर राव यांनी १८९३ साली कागदाच्या घड्यांनी भूमिती शिकवणारं इंग्रजी पुस्तक काढलं. आपल्याला ही कल्पना बालवाडीतल्या घडीकामावरून सुचली, असं त्यांनी प्रस्तावनेतच नोंदवलं आहे. पुढे फेलिक्स क्लाइन या नामांकित जर्मन गणितज्ञाने त्या पुस्तकाचा उल्लेख केला आणि १९०१ मध्ये त्याची अमेरिकन आवृत्ती निघाली. मुलांच्या खेळातून गणितज्ञांच्या टेबलापर्यंतचा हा प्रवास आपण फारसा सांगत नाही, याचं नवल वाटतं.

महाराष्ट्रात या कलेचं नाव काढलं की अरविंद गुप्तांची आठवण होतेच. कानपूरच्या आयआयटीतून १९७५ साली बाहेर पडलेले हे इंजिनिअर टाकाऊ वस्तूंपासून खेळणी करण्यात रमले. पुण्यात ‘आयुका’ या खगोलशास्त्र संस्थेच्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत त्यांनी अनेक वर्षं काम केलं. २०१८ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. वर्तमानपत्राच्या टोप्या आणि कागदाची हलणारी खेळणी हा त्यांच्या पुस्तकांचा ठेवा आहे. त्यांचा सगळा भर रद्दीवर असतो. कागदाला किंमत नसली की मूल तो बिघडवायला घाबरत नाही.

आता ही कप्तानाची गोष्ट बेलपाड्यात सांगायची झाली तर? पनवेल महापालिकेतलं हे गाव आज खारघरच्या इमारतींनी वेढलेलं आहे. १७ नोव्हेंबर २०२३ रोजी सुरू झालेल्या नवी मुंबई मेट्रोच्या बेलापूर-पेंधर मार्गावर गावाच्याच नावाचं स्थानक आहे. पण पनवेलच्या खाडीकाठची गावं मुळात आगरी-कोळ्यांची. इथे गोऱ्या कप्तानाला आणायची गरज काय? नाखवा आणावा. पावसाळी मासेमारीबंदी १ जून ते ३१ जुलै. ती उठली, नारळी पौर्णिमेला दर्याला नारळ वाहिला आणि नाखवा होडी घेऊन निघाला, अशी सुरुवात करावी. टॉवरमध्ये राहणाऱ्या मुलाला नाखवा नवा असेल. ते शेजारच्या बाकावरच्या, गावातल्या मुलाला विचारील आणि तो सांगेल. शेवटी सदरा सापडला तरी नाखव्याला बुडवू नये, असं माझं मत. तो पोहत आला, सदरा मागाहून आला. तीन-चार वर्षांच्या मुलांना एवढी सूट द्यायला हरकत नाही.

कागद हाताशी धरून गोष्ट सांगणं आपल्या मातीला नवं नाही. सिंधुदुर्गातल्या पिंगुळीचे चित्रकथी कागदावर रंगवलेली सुटी चित्रं एकामागून एक दाखवत रामायण-महाभारतातली आख्यानं गातात. तिथे चित्र आधीच पूर्ण असतं, घडीकामात ते मुलांच्या डोळ्यांदेखत तयार होतं. प्रत्येक घडीला हात थांबतो, त्या थांबण्यात ‘आता काय?’ हा प्रश्न आपोआप उभा राहतो. म्हणूनच ‘आता मी कोपरा मध्ये आणते’ असली सूचना गोष्टीत मिसळू नये. ‘नाखव्याने घराचं दार लोटलं’ म्हणावं आणि कोपरा दुमडावा.

तीन-चार वर्षांच्या मुलांकडून नेटक्या घडीची अपेक्षा धरू नये. त्यांनी पाहावं, टोपी घालून मिरवावं, फाटलेले तुकडे ‘समुद्रात’ टाकावेत. पाच-सहा वर्षांच्या मुलांना टोपीपर्यंत जमतं, पण होडी ओढून काढताना मदत लागते. मुलांच्या घड्यांना गुण देणारी पद्धत मात्र या खेळाचा जीव घेते, हे बालवाडीच्या ताईंनी पक्कं लक्षात ठेवावं.

ताईंना आणि आजी-आजोबांना एक विनंती. सांगण्याआधी घरी एकदा पूर्ण गोष्ट हातांनी करून पाहा. टोकं अगदी थोडी फाडली तर सदरा ओळखू येत नाही, फार फाडली तर त्याच्या चिंध्या होतात. आणि गोष्ट संपल्यावर एकेक पान मुलांच्या हाती द्या, कारण पुढची मागणी ‘मला पण’ हीच असते.