अर्थ कुणाला विचारायचा?

“काकू, रिलीज डीड म्हणजे काय हो?”

दुपारची भांडी आवरता आवरता प्रश्न कानावर आला. जुन्या जालन्यातल्या आमच्या गल्लीतली ही पोर जन्मापासून दृष्टिहीन आहे. बी. ए. झाली, आता स्पर्धा परीक्षेची तयारी करते. रोज दुपारी तासभर मी तिला पुस्तकं वाचून दाखवते. मला वाटलं, अभ्यासातलाच एखादा शब्द असेल. “अगं, सिनेमा रिलीज होतो ना, तसलंच काहीतरी असेल. बघू नंतर,” असं म्हणून मी मोकळी झाले.

खरं सांगू? अशी उत्तरं मी तिला किती वेळा दिली असतील! वाचताना अवघड शब्द आला की ती थांबवायची. मला येत असला तर सांगायचा, नाहीतर ‘असतं काहीतरी’ म्हणून पान उलटायचं. आपल्याला शब्द अडला तर आपण कपाटातला शब्दकोश काढतो. तिनं काय काढायचं? ब्रेलमध्ये मोठा शब्दकोश करायचा तर एकाच पुस्तकाचे कितीतरी जाडजूड खंड होतात. ते मिळवायचे कुठून आणि ठेवायचे कुठे? म्हणून अर्थ विचारायला कायम दुसऱ्याचं तोंड. त्या दुसऱ्याला वेळ हवा, माहिती हवी आणि सांगायची इच्छाही हवी!

मागच्या वर्षी तिच्या मामानं घरातला जुना संगणक तिला दिला. त्यात ‘एनव्हीडीए’ नावाचं सॉफ्टवेअर टाकलं. पडद्यावर जे लिहिलेलं असतं ते हे सॉफ्टवेअर मोठ्यानं वाचून दाखवतं, मराठीसुद्धा. ऑस्ट्रेलियातल्या मायकल करन या अंध तरुणानं २००६ साली ते करायला घेतलं. जेम्स तेह हा त्याचा अंध मित्रही जोडीला आला. विशेष म्हणजे ते फुकट मिळतं. अशी इतर सॉफ्टवेअर महाग असतात, आपल्याकडच्या किती घरांना ती परवडणार?

ती माऊसला हातही लावत नाही. कीबोर्डवर एफ आणि जे या बटणांवर बारीक उंचवटे असतात, बघा तुमच्याही संगणकावर! बोटं तिथं टेकवली की बाकीची अक्षरं आपोआप सापडतात. अक्षर दाबलं की संगणक ते बोलतो. शब्दकोशात शब्द टाकायचा, बाणाच्या बटणानं खाली यायचं आणि अर्थ ऐकायचा.

आणि शब्दकोश तरी केवढाले! मोल्सवर्थ साहेबाचा मराठी-इंग्रजी कोश पहिल्यांदा १८३१ साली निघाला. १८५७ च्या त्याच्या दुसऱ्या आवृत्तीत साठ हजार शब्द आहेत. दाते-कर्वे यांचा ‘महाराष्ट्र शब्दकोश’ सात खंडांचा. अमेरिकेतल्या शिकागो विद्यापीठानं हे दोन्ही कोश इंटरनेटवर शोधता येतील असे ठेवले आहेत. आमची पोर जालन्यात बसून ते उघडते.

शुद्धलेखनाचाही मोठा फायदा झाला. ‘दिन’ म्हणजे दिवस आणि ‘दीन’ म्हणजे गरीब, पण कानाला दोन्ही सारखेच. आपल्याला वेलांटी डोळ्यांनी दिसते, तिनं आयुष्यभर फक्त ऐकलेलं. आता शब्दावर थांबून एकेक अक्षर ऐकते आणि ऱ्हस्व की दीर्घ ते नक्की करते. मध्यंतरी तिनं माझ्याच दोन चुका काढल्या!

तर त्या दिवशी माझं ‘सिनेमा’चं उत्तर ऐकून ती घरी गेली. संध्याकाळी परत आली ती गंभीर चेहऱ्यानं. “काकू, रिलीज म्हणजे सोडून देणं आणि डीड म्हणजे दस्त. मग माझ्याकडून काय सोडवून घेतायत?”

माझ्या पोटात धस्स झालं. तिचे वडील गेले त्याला सहा महिने झाले होते. ‘वारसाचं काम आहे, इथं सही कर’ म्हणून भावानं कागद आणला होता. त्यावरचं नाव पुतण्यानं सहज वाचलं, ते तिच्या कानावर पडलं. रिलीज डीड म्हणजे आपलं हक्कसोडपत्र. २००५ साली हिंदू वारसा कायद्यात दुरुस्ती झाली आणि वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलाइतकाच हक्क मिळाला. तोच हक्क त्या एका सहीनं गेला असता.

तिनं भांडण केलं नाही. “दादा, आधी सगळा कागद वाचून दाखव. मला कळू दे, मग ठरवू,” एवढंच म्हणाली. भाऊ दोन दिवस घुश्शात होता. तिसऱ्या दिवशी शेजारी बसून त्यानं कागद वाचून दाखवला. सही अजून झालेली नाही. करायची की नाही ते ती ठरवेल, पण समजून उमजून ठरवेल.

मैत्रिणींनो, यात आपणही थोडी मदत करू शकतो. महिला मंडळाची सूचना मी एकदा जुन्या मराठी फॉन्टमध्ये टाइप करून तिला पाठवली. तिचा संगणक भलतीच इंग्रजी अक्षरं बडबडायला लागला! दुसऱ्यांदा कागदाचा फोटो पाठवला, तर संगणक गप्पच. तेव्हा कळलं, मजकूर युनिकोडमध्ये टाइप केलेला असला तरच तो नीट वाचला जातो. मोबाईलवर आपण मराठी लिहितो ते युनिकोडच असतं. म्हणजे सूचनेचा फोटो टाकण्याऐवजी चार ओळी टाइप केल्या तरी पुष्कळ.

दुपारचं आमचं वाचन अजून चालूच आहे. फक्त आता शब्द अडला की मी ‘असतं काहीतरी’ म्हणत नाही. “थांबा काकू, मी बघते,” असं तीच म्हणते आणि अर्थ मला सांगते.