अंकीय कॅमेऱ्यातील जीर्ण विद्युत्घट

इ. स. १९७५ मध्ये अमेरिकेतील ईस्टमन कोडॅक कंपनीत स्टीव्हन सॅसन या अभियंत्याने अंकीय कॅमेऱ्याचा एक आद्य नमुना तयार केला. त्यास १६ निकेल-कॅडमियम घट लागत, आणि एक चित्र कॅसेटच्या फितीवर नोंदण्यास २३ सेकंद लागत. पुढे कॅमेरा पुष्कळ सुधारला; परंतु त्याचे सारे कार्य आजही घटांतून मिळणाऱ्या विजेवरच अवलंबून आहे. पुष्कळसे सुस्थितीतील कॅमेरे केवळ घट जीर्ण झाल्यामुळे निकामी समजून टाकून दिले जातात. घट जीर्ण का होतात व ते कसे बदलावेत, हे ठाऊक असल्यास असे कॅमेरे आणखी कित्येक वर्षे वापरता येतात.

घट जीर्ण होतो म्हणजे काय?

अनेक लहान कॅमेऱ्यांत बाजारातील पेन्सिल सेलच्या आकाराचे दोन किंवा चार निकेल-धातुहायड्राइड घट बसतात. अशा प्रत्येक घटाचा विद्युत्दाब सुमारे १.२ व्होल्ट असतो. त्याच्या धनाग्रात निकेलचे संयुग, ऋणाग्रात हायड्रोजन शोषून घेणारी मिश्रधातू आणि दोहोंमध्ये पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा विद्राव असतो. घट वापरताना जी रासायनिक क्रिया घडते, तीच भारित करताना उलट दिशेने घडविली जाते. मात्र ही उलटापालट कधीही पूर्ण निर्दोष नसते. प्रत्येक वेळी मिश्रधातूचा थोडा अंश गंजतो व विद्राव हळूहळू आटतो. परिणामी घटाची धारणाशक्ती घटते आणि त्याचा अंतर्गत रोध वाढतो.

हा वाढलेला रोधच कॅमेऱ्यास विशेष बाधतो. समजा, जीर्ण झालेल्या चार घटांचा एकूण रोध १ ओहम आहे. भिंग पुढे सरकविणे, फ्लॅश भारित करणे अशा कामांसाठी कॅमेऱ्याने १ अँपिअर प्रवाह घेतला, तर १ व्होल्ट दाब घटांच्या आतच खर्च होतो आणि ४.८ ऐवजी ३.८ व्होल्टच हाती उरतो. कॅमेरा घट रिते झाले असे समजून बंद पडतो, वास्तविक त्यांत वीज शिल्लक असते. हेच घट भिंतीवरील घड्याळात घातल्यास ते पुष्कळ दिवस चालते, कारण घड्याळास लागणारा प्रवाह अत्यल्प असतो. म्हणूनच घट नुसता मोजयंत्रास लावून दाब पाहिल्याने त्याची जीर्णता नेहमी कळून येत नाही.

सर्व घट एकदम का बदलावेत?

कॅमेऱ्यातील चार घट सामान्यतः एकामागून एक जोडलेले असतात. म्हणून सर्वांमधून एकच प्रवाह वाहतो. त्यांपैकी एक दुर्बल असल्यास तो इतरांआधी रिता होतो. उरलेले तीन घट मात्र प्रवाह चालूच ठेवतात व तो रित्या घटातून बळेच ढकलला जातो. त्यामुळे त्या घटाची अग्रे उलट भारित होतात, आत वायू साठतो आणि घट कायमचा बिघडतो. चार बैलांच्या नांगराला एक थकलेला बैल जुंपला, तर तो स्वतः कोलमडतो आणि इतरांचीही चाल अडवितो. तसाच हा प्रकार होय. खर्च वाचविण्यासाठी तीन जुन्या घटांत एक नवा घट मिसळणे हितावह नाही. एकाच प्रकारचे, एकाच धारणाशक्तीचे घट एकाच वेळी घ्यावेत, त्यांवर खरेदीची तारीख लिहावी आणि ते नेहमी एकत्रच वापरावेत व भारित करावेत.

नवे घट निवडताना

पेन्सिल सेलच्या आकाराच्या निकेल-धातुहायड्राइड घटाची धारणाशक्ती सामान्यतः २,००० ते २,८०० मिलिअँपिअर-तास असते. याहून फार मोठा आकडा छापलेला आढळल्यास त्यावर विश्वास ठेवू नये. पुन्हा भारित न होणारे अल्कलाइन घट प्रभारकात कदापि घालू नयेत.

इतर कॅमेऱ्यांत लिथियम-आयन घटांची चपटी पेटी असते. हे घट १९९१ मध्ये बाजारात आले. त्यांचा दाब प्रत्येकी सुमारे ३.६ ते ३.७ व्होल्ट असतो. ते वापरावाचून पडून राहिले तरी काळानुसार जीर्ण होतात. म्हणून दुकानात वर्षानुवर्षे पडलेली पेटी स्वस्त मिळाली तरी ती लाभाची नसते. जुन्या पेटीवरील दाब व नमुना-क्रमांक नव्या पेटीशी ताडून पाहावा आणि भारतीय मानक ब्यूरोचे नोंदणीचिन्ह आहे की नाही, हे तपासावे. अतिभारापासून रक्षण करणारे मंडल निकृष्ट पेटीत सदोष असू शकते, आणि मग ती पेट घेण्याचा धोका असतो. फुगलेली पेटी तत्काळ वापरातून काढावी. तिला टोचू किंवा दाबू नये.

जुन्या घटांची विल्हेवाट

जीर्ण घट केरात वा अग्नीत टाकू नयेत. लिथियम घटांची अग्रे चिकटपट्टीने झाकावीत, म्हणजे ती एकमेकांस लागून ठिणगी पडणार नाही. भारत सरकारच्या २०२२ च्या बॅटरी-कचरा व्यवस्थापन नियमांनुसार वापरलेल्या बॅटऱ्या इतर कचऱ्यापासून वेगळ्या ठेवून संकलन करणाऱ्यांकडे देणे हे ग्राहकाचे कर्तव्य आहे. त्यांतील निकेल, कोबाल्ट व इतर धातू पुन्हा उपयोगात आणता येतात. शाळेत किंवा ग्रंथालयात त्यांसाठी एक स्वतंत्र पेटी ठेवल्यास हे कर्तव्य सर्वांनाच सहज पार पाडता येईल.