परीक्षेचे दार आणि श्रद्धेचा पेहराव

वाशीममधील प्रसंग

१७ जुलै २०२२ रोजी देशभर वैद्यकीय प्रवेशाची ‘नीट’ परीक्षा झाली. वाशीम शहरातील एका महाविद्यालयात तिचे केंद्र होते. तेथे आत सोडण्यापूर्वी बुरखा व हिजाब काढायला लावला, अशी तक्रार काही मुस्लीम विद्यार्थिनींच्या वतीने पोलिसांकडे गेली. तक्रारीची शहानिशा हा वेगळा भाग. पण परीक्षेच्या नियमांत या पेहरावाला बंदी नव्हती, ही बाब येथे महत्त्वाची आहे.

नियम काय होता

परीक्षा दुपारी दोनची, दार दीडला बंद. धार्मिक वा पारंपरिक पेहरावातील परीक्षार्थींनी मात्र साडेबारापर्यंत हजर व्हावे, अशी सूचना होती. हा जादा तास झडतीसाठी. मुलींची झडती स्त्री कर्मचाऱ्यानेच, तीही बंदिस्त जागेत घ्यायची. म्हणजे कागदावरची मुभा प्रत्यक्षात एक पडदा, एक मेटल डिटेक्टर आणि तपासणीला नेमलेली एक बाई यांच्यावर अवलंबून असते. यांतले एक जरी कमी पडले, तरी रांग तुंबते, घड्याळ पुढे सरकते आणि ‘काढून या’ म्हणणे सर्वांत सोपे ठरते. असहिष्णुता दर वेळी द्वेषातूनच येते असे नाही. पुष्कळदा ती घाईतून येते.

झडतीचे मूळ

२०१५ मध्ये ‘एआयपीएमटी’ या तत्कालीन परीक्षेत कपड्यांत दडवलेल्या उपकरणांतून उत्तरे पुरवली गेली आणि सर्वोच्च न्यायालयाने ती परीक्षा रद्द केली. फेरपरीक्षेला लांब बाह्या व डोक्यावरचे वस्त्र यांना मनाई झाली. केरळमध्ये शिरोवस्त्र व क्रूस उतरवण्यास नकार देणाऱ्या एका ख्रिस्ती ननला त्या परीक्षेला मुकावे लागले. पुढच्या वर्षी केरळ उच्च न्यायालयाने वाट काढली: हिजाब राहू द्यावा, मात्र मुलीने अर्धा तास आधी येऊन झडती द्यावी. लवकर येण्याच्या अटीमागे हा इतिहास आहे.

शिरपूरचे वेळापत्रक

वेळ वाटून तंटा मिटवण्याचा प्रयोग वाशीम जिल्ह्याला नवा नाही. शिरपूर जैन येथील अंतरिक्ष पार्श्वनाथाच्या पूजेसाठी दिगंबर व श्वेतांबर पंथीयांनी १९०५ मध्ये वेळापत्रक ठरवले होते. ते पुरले नाही. मूर्तीचे रूप आणि मंदिराचे व्यवस्थापन यांवरून वाद प्रिव्ही कौन्सिलपर्यंत गेला. १९८१ मध्ये मंदिराला कुलूप लागले आणि ते उघडण्याचा मार्ग सर्वोच्च न्यायालयाच्या २०२३ च्या आदेशाने मोकळा झाला. परीक्षा केंद्राचे काम त्या मानाने सोपे म्हटले पाहिजे: तेथे मालकीचा प्रश्न नसतो, फक्त तपासणीचा असतो.

घटनेची चौकट

संविधानाचे कलम २५ धर्म पाळण्याचे व आचरण्याचे स्वातंत्र्य देते. सार्वजनिक सुव्यवस्था, नीतिमत्ता आणि आरोग्य या त्याच्या मर्यादा. कलम २८ संस्थेवर बंधन घालते: सरकारी अनुदान घेणाऱ्या संस्थेत कोणालाही संमतीशिवाय धार्मिक उपासनेत सामील करता येत नाही. नाशिकच्या एका शाळेत प्रार्थनेच्या वेळी हात न जोडणाऱ्या शिक्षकाची वेतनवाढ अडवली गेली, तेव्हा २०१३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने त्याच्या बाजूने निकाल दिला. श्रद्धेला जागा देणे आणि श्रद्धा न लादणे ही एकाच तरतुदींच्या जाळ्यातली दोन कामे आहेत. महाविद्यालयांच्या चर्चेत दुसरे बहुधा विसरले जाते.

वर्गातला प्रश्न

परीक्षा काही तासांची, तर पदवी तीन वर्षांची. म्हणून तेथे झडतीचा मुद्दा मागे पडून गणवेशाचा पुढे येतो. कर्नाटकातील हिजाबबंदी उच्च न्यायालयाने मार्च २०२२ मध्ये उचलून धरली. ऑक्टोबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींत मतभेद झाला. मुंबईत चेंबूरच्या एका महाविद्यालयाने हिजाब, टोपी, बिल्ले यांना मनाई केली. नऊ विद्यार्थिनींची याचिका उच्च न्यायालयाने २६ जून २०२४ रोजी फेटाळली. ९ ऑगस्टला सर्वोच्च न्यायालयाने त्या मनाईला अंशतः स्थगिती दिली. टिळा-टिकलीलाही मनाई करणार का, असा प्रश्न सुनावणीत निघाला. स्थगितीतही दोन रेषा आखल्या गेल्या: वर्गात बुरखा नाही आणि परिसरात धार्मिक कार्यक्रम नाहीत.