उभ्या मोटारीची वाफ

मोटारीने हवा दूषित होते म्हटले की डोळ्यांपुढे येते ती तिच्या मागच्या नळीतून निघणारी धुराची शेपटी. इंजिन बंद झाले, किल्ली खिशात गेली, की गाडी निरुपद्रवी झाली अशी सर्वसाधारण समजूत असते. परंतु भर दुपारी निमूटपणे उन्हात उभी असलेली पेट्रोलची मोटारही हवेत काही ना काही सोडत असते; आणि ते डोळ्यांना दिसत नाही एवढ्याच कारणाने त्याचा हिशेब पुष्कळ वर्षे कोणी फारसा मांडला नव्हता.

तो मांडण्याची पाळी आली अमेरिकेतील लॉस एंजल्स शहरावर. एका बाजूस पॅसिफिक महासागर, दुसरीकडे डोंगरांच्या रांगा आणि डोक्यावर बहुधा उष्ण हवेचे झाकण, अशा खोलगट प्रदेशात हे शहर वसले आहे. 26 जुलै 1943 रोजी तेथे डोळ्यांना झोंबणारे असे दाट धुरके पसरले, की जपानने विषारी वायू सोडला असावा अशी भीती काहींना वाटली. दिवस महायुद्धाचे होते. मग संशय गेला कृत्रिम रबरासाठी ब्युटाडाइन तयार करणाऱ्या एका कारखान्यावर. कारखाना काही काळ बंद ठेवून पाहिला. धुरके मात्र येतच राहिले. त्यात आणखी नवलाची गोष्ट अशी, की लंडनचे कुप्रसिद्ध धुरके थंडीच्या दमट दिवसांत कोळशाच्या धुराने पडे, तर हे नेमके लख्ख उन्हाच्या दिवशी वाढे.

हे कोडे उलगडले आरी हागेन-स्मिट या मूळच्या हॉलंडमधील रसायनशास्त्रज्ञाने. कॅलिफोर्निया इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी या संस्थेत ते अननसाचा स्वाद कोणत्या द्रव्यांमुळे येतो याचा शोध घेत होते. अननसाचा वास पकडण्याच्या त्याच विद्येने त्यांनी शहराची हवा गोठवून तपासली. 1950 च्या सुमारास त्यांनी दाखवून दिले, की पेट्रोलची न जळलेली वाफ आणि ज्वलनातून निघणारी नायट्रोजनची ऑक्साइडे यांवर सूर्यप्रकाश पडला म्हणजे ओझोन तयार होतो. आकाशात उंचावर हाच ओझोन पृथ्वीचे छत्र आहे. जमिनीलगत मात्र तो फुप्फुसांना दाह करतो, पिकांची पाने करपवतो आणि ताणलेल्या रबराला भेगा पाडतो. या भेगांच्या खोलीवरूनच हागेन-स्मिट हवेतील ओझोनचे मान काढीत. तेल-उद्योगाला हे निष्कर्ष रुचले नाहीत आणि वाद बराच माजला. तरी 1968 साली कॅलिफोर्नियाच्या हवा-संरक्षण मंडळाचे पहिले अध्यक्षपद त्यांच्याकडेच आले.

आता प्रश्न एवढाच उरला, की ही वाफ येते कोठून? तेलशुद्धी कारखान्यांतील प्रचंड टाक्या पहिल्याने हाताशी आल्या. त्यांवर तेलाच्या पृष्ठावर तरंगणारी छपरे बसवण्याची सक्ती 1950 नंतरच्या दशकात झाली. त्यानंतर दृष्टी वळली मोटारीकडे. कोणतेही नियंत्रण नसलेल्या त्या काळच्या मोटारीतून जी हायड्रोकार्बने बाहेर पडत, त्यांचा सुमारे पाचवा हिस्सा नुसत्या बाष्पीभवनाचा होता, असा हिशेब निघाला.

पेट्रोल हा एकजिनसी द्रव नसून शेकडो हायड्रोकार्बनांचे मिश्रण आहे. त्यातले जड घटक दोनशे अंशांच्या आसपास उकळतात, तर हलक्यांना साधे ऊनही पुरते. थंडीत इंजिन चटकन पेटावे म्हणून हे हलके घटक ठेवावे लागतात, आणि उन्हाळ्यात तेच पळ काढतात. दिवसा टाकी तापली की आतली वाफ फुगून बाहेर पडते. रात्री टाकी निवली की ताजी हवा आत शिरते. टाकीचा हा जणू श्वासोच्छ्वासच होय. दुसरा प्रकार गाडी थांबल्यानंतरचा. पंखा थांबतो, वाऱ्याचा झोत थांबतो, पण तापलेल्या इंजिनाची उष्णता वर चढतच असते. जुन्या गाड्यांत ती कार्ब्युरेटरच्या वाटीतले पेट्रोल अक्षरशः उकळून काढी. तिसरा प्रकार पेट्रोल-पंपावरचा: टाकीत एक लिटर पेट्रोल ओतले, की जवळजवळ तेवढीच वाफमिश्रित हवा तोंडातून बाहेर ढकलली जाते. पंपावर येणारा तो परिचित वास याचाच, आणि त्यात कर्करोगाला कारण होणारे बेंझीनही असते.

यावरचा उपाय विलक्षण साधा निघाला. टाकीचे श्वासछिद्र उघड्या हवेत न सोडता कोळशाच्या डबीला जोडायचे. या संस्कारित कोळशाला इतकी सूक्ष्म छिद्रे असतात, की त्याच्या एका ग्रॅमचे अंतर्गत क्षेत्रफळ हजार चौरस मीटरच्या घरात जाते. उभ्या गाडीची वाफ त्यात अडकून राहते. इंजिन सुरू झाले की ते डबीतून हवा ओढून घेते आणि वाफ आपल्या जागी, सिलिंडरमध्ये, जळते. कॅलिफोर्नियात 1970 च्या नव्या गाड्यांपासून आणि सबंध अमेरिकेत 1971 पासून हे नियंत्रण आले. मौज अशी, की सुरुवातीला तपासणी होत असे ती ठरावीक छिद्रांना कोळशाचे सापळे लावून. म्हणजे वाफ जेथून निघेल असे वाटे तेवढेच तपासले जाई. सबंध मोटार बंद खोलीत कोंडून खोलीची हवा मोजू लागल्यावर सांधे, नळ्या आणि झाकणे यांची गळती उघडकीस आली. 1978 च्या गाड्यांपासून हीच पद्धत तेथे सक्तीची झाली.

भारतात 1 एप्रिल 2020 पासून लागू झालेल्या भारत स्टेज-6 मानकांत दुचाकीच्या बाष्पीभवनावरही मर्यादा आहे, आणि ते योग्यच झाले. कारण आपल्या रस्त्यांवर मोटारींपेक्षा दुचाकीच अधिक, आणि त्यांची टाकी तर उघड्या उन्हातच असते. पण डबीला मर्यादा आहेत. गाडी दिवसेंदिवस उभीच राहिली, किंवा चार पावलांच्याच फेऱ्या झाल्या, तर साठलेली वाफ जळण्याची संधीच मिळत नाही आणि भरलेली डबी ओसंडू लागते. पंपावरची नळी आपोआप बंद झाल्यावरही ‘अजून थोडे घाला’ म्हणून टाकी काठोकाठ भरण्याची सवय तर थेट तिच्या मुळावर येते. टाकीत वाफेसाठी ठेवलेली जागा त्याने नाहीशी होते, द्रव पेट्रोल डबीत शिरते, आणि एकदा भिजलेला कोळसा वाफ नीट धरू शकत नाही.