बी.ए.च्या जोडीला एक हुन्नर

बारावीचा निकाल लागला की आपल्या वस्तीत एक वाक्य हमखास ऐकू येते, "टक्के कमी पडले, आता बी.ए.च करेल." बोलताना आवाज थोडा खाली येतो. मुलगी असेल तर आणखी दोन कारणे जोडली जातात: कॉलेज जवळ आहे आणि चांगले स्थळ येईपर्यंत शिकेल. म्हणजे प्रवेशाचा अर्ज भरतानाच आपण त्या पदवीची किंमत ठरवून टाकतो. मुले ती किंमत बरोबर ओळखतात आणि पुढची तीन वर्षे त्याच हिशेबाने वागतात.

खरे तर बी.ए.तून निघणाऱ्या वाटा कमी नाहीत. स्पर्धा परीक्षा, बी.एड., कायद्याची पदवी, पत्रकारिता, ग्रंथपालन, समाजकार्य या सगळ्या तिथून जातात. अडचण वेगळी आहे. कॉमर्सचा मुलगा हिशेब लिहून दाखवतो, आयटीआयचा वेल्डिंग करून दाखवतो. बी.ए. झालेल्या मुलाला "तुला काय करता येते?" असे विचारले की तो विषयांची नावे सांगतो. ही रिकामी जागा एखादे प्रमाणपत्र भरू शकते, पण कोणतेही प्रमाणपत्र नव्हे. मी शाळेत उर्दू आणि मराठी शिकवते. दहावीनंतर दूर गेलेली मुले नोकरीचा अर्ज भरताना फाइल घेऊन सल्ल्याला येतात. काहींच्या फाइलमध्ये पाच-सहा प्रमाणपत्रे असतात: व्यक्तिमत्त्व विकास, इव्हेंट मॅनेजमेंट, दोन दिवसांची कार्यशाळा. त्यांतले एकही काम ती करून दाखवू शकत नाहीत. माझा आग्रह एवढाच आहे की, पदवीच्या विषयाला आणि मुलाला घरातूनच मिळालेल्या भाषेला जोडून एक हुन्नर निवडावा आणि तो काम करता येण्याइतका शिकावा.

आधी एक गोंधळ दूर करू. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० नुसार पहिल्या वर्षानंतर शिक्षण थांबवावे लागले तर 'प्रमाणपत्र', दुसऱ्यानंतर 'पदविका' आणि तिसऱ्यानंतर पदवी मिळते. हे प्रमाणपत्र म्हणजे अर्धवट सुटलेल्या पदवीची पावती आहे. ती उपयोगाची आहे, विशेषतः लग्नामुळे किंवा अब्बांच्या आजारपणामुळे शिक्षण थांबलेल्या मुलींसाठी. त्यांचे श्रेयांक 'अकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्स'मध्ये जमा राहतात आणि पुढे दुसऱ्या गावातल्या कॉलेजातही उपयोगी पडू शकतात. मात्र आपण इथे बोलत आहोत ते पदवीच्या बरोबरीने घ्यायच्या कौशल्याच्या प्रमाणपत्राबद्दल. त्यासाठी आज दारे उघडी आहेत. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२२ साली एकाच वेळी दोन अभ्यासक्रम करण्यास परवानगी दिली. तासांच्या वेळा एकमेकांवर येत नसतील तर दोन्ही कॉलेजात जाऊन करता येतात, किंवा एक कॉलेजात आणि दुसरा दूरशिक्षणाने अथवा ऑनलाइन. केंद्र सरकारच्या 'स्वयम'वर शिकायला पैसे लागत नाहीत, फक्त प्रमाणपत्राच्या परीक्षेचे शुल्क भरावे लागते. कॉलेजने मान्य केले तर ते श्रेयांक पदवीतही धरले जातात.

आता हुन्नर कोणता? माझ्या मते, आपल्या मुलांकडे एक पुंजी आहे आणि तिच्याकडे आपलेच लक्ष जात नाही. उर्दू माध्यमात शिकलेला, घराबाहेर मराठी बोलणारा मुलगा दोन लिप्या सहज वाचतो. त्याने बी.ए.ला इतिहास घेतला आणि जोडीला मोडी लिपी शिकली, तर तो असे काही वाचू शकेल की जे वाचणारे संबंध महाराष्ट्रात थोडेच आहेत.

कारण जुना कागद एका भाषेत थांबत नाही. आदिलशाही काळातल्या अनेक फर्मानांवर वर फार्सी आणि खाली मोडीत मराठी मजकूर सापडतो. पेशवाईचे दप्तर मोडीत आहे आणि ते पुण्याच्या पुराभिलेखागारात रुमालांत बांधून ठेवलेले आहे. मराठवाड्यात निजामाच्या राजवटीत सरकारी कामकाज उर्दूतून चालत असे, त्यामुळे तिथले १९४८ पूर्वीचे महसुली आणि कोर्टाचे पुष्कळ कागद उर्दूत आहेत. २०२३ मध्ये राज्य सरकारने कुणबी नोंदी शोधण्यासाठी निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली, तेव्हा तहसील कचेऱ्यांतून मोडी आणि उर्दू वाचणाऱ्यांचा शोध सुरू झाला. ही निकड एका समितीपुरती नव्हती. जमिनीचे वाद, वारसाचे दावे, जातीचे पुरावे, इनामाची प्रकरणे, सगळीकडे जुना कागद वाचून त्याचे मराठी भाषांतर करून देणारा माणूस लागतो. आपल्या मशिदी आणि दर्ग्यांच्या इनाम जमिनींचे 'मुंतखब' उर्दूत आहेत. कित्येक ठिकाणी ते विश्वस्तांच्या कपाटात आहेत, पण त्यांत नेमके काय लिहिले आहे ते विश्वस्तांनाही वाचता येत नाही. वाद कोर्टात गेला की धावाधाव सुरू होते.

मोडी शिकायला फार दिवस लागत नाहीत. राज्याचे पुराभिलेख संचालनालय मोडीचे प्रशिक्षण वर्ग घेते. पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळातही वर्ग होतात. अक्षरे दोन-तीन आठवड्यांत ओळखीची होतात. खरी कसोटी पुढे असते. मोडीत ऱ्हस्व-दीर्घाचा भेद सहसा पाळलेला नसतो, लेखणी न उचलता ओळ लिहिलेली असते आणि प्रत्येक कारकुनाचे वळण निराळे. उर्दू कागदांचेही तसेच. पुस्तकातली सुबक नस्तालीक वाचणारा विद्यार्थी दप्तरातली घाईत लिहिलेली शिकस्ता पाहून पहिल्या दिवशी गांगरतो. म्हणून वर्ग संपल्यावर रोज एक कागद, असे निदान वर्षभर वाचन हवे. त्यातून हात आणि डोळा बसतो. इथे आपल्या मुलांना आणखी एक सोय आहे: कागदातले शब्द त्यांना परके नसतात. वतन, इनाम, दस्त, जामीन, फिर्याद हे शब्द मराठीने फार्सी-अरबीतूनच घेतले. मौलवी अब्दुल हक यांनी मराठीवरच्या फार्सीच्या प्रभावावर १९३३ साली उर्दूत पुस्तक लिहिले, आणि पुढे डॉ. यू. म. पठाण यांनी तोच धागा मराठीत नेला. सेतुमाधवराव पगडी तर सरकारी नोकरी सांभाळून फार्सी साधने मराठीत आणत राहिले. ही वाट नवी नाही, तिच्यावरून चालणारे कमी झाले आहेत.

फार्सी शिकायची असेल तर विद्यापीठांच्या विभागांत प्रमाणपत्र वर्ग असतात. मात्र एक स्पष्ट सांगते. या कामात महिन्याचा पगार लगेच सुरू होत नाही. वकील, जमीनमालक, संशोधक यांच्याकडून पानामागे पैसे मिळतात, ओळख वाढते तसे काम वाढते. घरात लगेच कमाई हवी असेल तर आधी दुसरा हुन्नर पाहावा.

अरबीबद्दल थोडे सांगायला हवे, कारण तिथे एक गैरसमज आहे. मुलाने नाजरा पूर्ण केला म्हणजे त्याला अरबी आली, असे आपण धरून चालतो. त्याला लिपी येते आणि ऐन-हेचे उच्चार येतात. सुरुवात म्हणून ही मोठी गोष्ट आहे, इतर विद्यार्थ्यांचे पहिले काही महिने तिथेच जातात. पण दवाखान्यात आलेल्या ओमानच्या रुग्णाशी बोलायला किंवा कंपनीचे पत्र लिहायला आजची व्यवहाराची अरबी वेगळी शिकावी लागते. दिल्लीची कौमी काउन्सिल बराए फरोग-ए-उर्दू जबान तिच्या केंद्रांमधून अरबीचे प्रमाणपत्र आणि पदविका चालवते. याच काउन्सिलचा एक वर्षाचा संगणक, हिशेब आणि बहुभाषिक डीटीपीचा अभ्यासक्रम आहे, खुशनवीसी आणि ग्राफिक डिझाइनचाही आहे. मराठी आणि उर्दू दोन्ही अचूक जुळवणारा ऑपरेटर आजही प्रकाशकांना आणि छापखान्यांना मुश्किलीने मिळतो. लग्नपत्रिकांवरच्या उर्दूतल्या चुका पाहिल्या की ते पटते.

जर्मन, जपानी यांचे आकर्षण सध्या मोठे आहे, ते रास्तही आहे. २०२४ मध्ये महाराष्ट्र सरकारने जर्मनीतल्या बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळासाठी करार केला आणि जर्मनच्या वर्गांना गर्दी झाली. पण तिकडची मागणी मुख्यतः परिचारिका, तंत्रज्ञ, चालक यांना आहे. बी.ए.च्या विद्यार्थ्याला भाषा शिकवण्याचे किंवा भाषांतराचे काम मिळेल, आणि त्यासाठी निदान बी-२ पातळी गाठावी लागेल. ए-१ वर थांबलेली जर्मन आणि एन-५ वर थांबलेली जपानी फाइलमध्ये छान दिसतात, एवढेच. भाषा निवडायची तर पदवीची तीन वर्षे तिलाच द्यावीत.

भूगोल घेणाऱ्यांसाठी नकाशाचे संगणकी तंत्र, म्हणजे जीआयएस, हा माझ्या पसंतीचा पर्याय आहे. देहरादूनची भारतीय सुदूर संवेदन संस्था, जी इस्रोचा भाग आहे, ऑनलाइन अभ्यासक्रम विनाशुल्क घेते आणि प्रमाणपत्र देते. क्यूजीआयएस हे सॉफ्टवेअरही फुकट मिळते. आपल्याच वॉर्डातल्या विहिरी, शाळा, दवाखाने यांचा नकाशा करून तो सोबत ठेवावा. मुलाखतीत प्रमाणपत्राआधी तो नकाशा बोलतो. अर्थशास्त्रवाल्यांनी टॅली आणि जीएसटीची विवरणपत्रे शिकावीत. आपल्या बाजारातल्या किती दुकानदारांना दर महिन्याला ती भरून घ्यायला बाहेर जावे लागते, ते एकदा मोजून पाहा.

सरकारी लिपिक-टंकलेखक पदावर नजर असेल तर शासनमान्य टंकलेखनाला पर्याय नाही: मराठी मिनिटाला ३० शब्द किंवा इंग्रजी ४० शब्द. अनेक भरत्यांना एमएस-सीआयटी किंवा तत्सम संगणक प्रमाणपत्रही लागते. दोन्ही पहिल्या वर्षातच उरकावीत. पदवी हातात आल्यावर जाहिरात निघते आणि मग कळते की प्रमाणपत्र राहून गेले आहे. असे दरवर्षी घडते.

काही प्रमाणपत्रांपासून सावध राहायला हवे. मानसशास्त्र घेतलेल्या मुलींना तीन महिन्यांत समुपदेशक बनवणाऱ्या जाहिराती दिसतात. ऐकून घेण्याची रीत शिकायला असा वर्ग ठीक आहे. पण चिकित्सा मानसशास्त्रज्ञ होण्यासाठी पदव्युत्तर शिक्षण आणि भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी लागते. तसेच 'शिक्षिका व्हा' म्हणणारे सहा महिन्यांचे कोर्स. खासगी बालवाडीत ते चालून जातील, पण अनुदानित शाळेच्या भरतीत डी.एल.एड. किंवा बी.एड. आणि टीईटीच विचारतात. पैसे भरण्याआधी प्रमाणपत्र कोण देणार ते विचारा: विद्यापीठ, सरकारी संस्था, की फक्त दुकानाच्या पाटीवरचे नाव? कौशल्याचा कोर्स असेल तर राष्ट्रीय कौशल्य पात्रता आराखड्यातली त्याची पातळी कोणती, हेही विचारा. उत्तर देताना समोरचा घुटमळला की उठून यावे.

मुलींच्या बाबतीत आणखी एक बोलते. घरातून परवानगीचा प्रश्न बहुधा अंतर आणि वेळ यांवर अडतो, शिक्षणावर नाही. मग असे हुन्नर निवडता येतात की ज्यांचा मोठा भाग घरी बसून होतो: भाषांतर, डीटीपी, नकाशे, हिशेब, कागदवाचन. सासर दुसऱ्या जिल्ह्यात गेले तरी हे काम सोबत जाते. पण वालिदैनकडून एक गोष्ट हवी. घरात लॅपटॉप एकच असेल तर तो भावाचा आणि उरलेल्या वेळात बहिणीचा, असे होऊ नये. तिच्या दोन तासांत तिला पाहुण्यांच्या चहासाठी उठवू नये. चहा भाऊही करू शकतो.

प्रवेश घेतानाच कॉलेजच्या कार्यालयात दोन गोष्टी विचारून ठेवा: व्यावसायिक कौशल्याच्या तासांसाठी कोणते पर्याय आहेत आणि 'स्वयम'चे श्रेयांक इथे मान्य होतात का. 'स्वयम'ची सत्रे जानेवारी आणि जुलैपासून सुरू होतात. जपानीची जेएलपीटी परीक्षा जुलै आणि डिसेंबरमध्ये असते, तिचे अर्ज बरेच आधी भरावे लागतात. टंकलेखनाचा वर्ग सहा महिन्यांचा आहे, म्हणजे आज नाव घातले तर पहिले वर्ष संपायच्या आत परीक्षा देता येते. आणि घरात आजोबांच्या पेटीत एखादा न वाचलेला जुना कागद असेल, तर तो प्लास्टिकमध्ये गुंडाळू नका, चिकटपट्टी लावू नका, त्याचा स्वच्छ फोटो काढून मुलाच्या हाती द्या.